ओंगण ते इंजिन ऑइल : धार-देवासच्या वाटेवरील वंगणाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण ही व्याख्यानमाला चालवीत आहात, त्यांनी मला याच शाळेत तीन वर्षे विज्ञान शिकविले. पुढे मी ती वाट सोडली, मराठी घेऊन एम.ए. झालो, पीएच.डी. केली आणि उभा जन्म भाषेच्या अध्यापनात घालविला. त्यामुळे मी माळव्यातील मराठी कवितेवर किंवा पवारांच्या दप्तरांवर बोलेन, अशी संयोजकांची अपेक्षा असणार. मी विषय कळविला तो असा : मोटारीच्या इंजिनाला योग्य तेल कसे निवडावे, आणि ही विद्या आपल्या धार-देवासच्या मुलखात कशी येत गेली. संयोजकांनी दूरध्वनी करून विषय पुन्हा एकदा विचारून घेतला, हे मी येथे नमूद करतो. त्यांचा संकोच स्वाभाविक होता.

साहित्याच्या माणसाने मोटारींत लक्ष घालावे, याला आपल्या मुलखात एक थोर पूर्वोदाहरण आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिले. त्या वास्तव्यावरचे त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. देवीची ती टेकडी म्हणजे आपली चामुंडेची माताटेकडी. चिटणीस म्हणून आपल्याकडे कोणकोणती कामे आली, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. बागा, टेनिसची मैदाने, अतिथिगृह, वीजघर यांच्याबरोबर संस्थानच्या मोटारीही त्यांच्या देखरेखीखाली होत्या. यांतील एकाही कामाचा वाचन-लेखनाशी फारसा संबंध नाही, अशी गमतीची तक्रारही त्यांनी केली आहे. मोटारींबाबत मात्र ही तक्रार मला मान्य नाही. मोटारीच्या तेलाचा वाचनाशी अत्यंत निकटचा संबंध आहे. तो मी वयाच्या एकविसाव्या वर्षी, फार मोठी किंमत देऊन शिकलो. किंमत मी दिली नाही, माझ्या मामांनी दिली. ती हकीकत पुढे येईल.

बैलगाडीचे ओंगण

प्रथम शब्दांकडे वळतो, कारण माझी सवय ती आहे. 'तेल' हा शब्द तिळापासून आला. इंग्रजीतील 'ऑइल' ऑलिव्हच्या फळापासून आला. दोन्ही शब्द बीजाचे वा फळाचे नाव घेऊन जन्मले आणि पुढे जमिनीतून निघालेल्या काळ्या द्रवालाही चिकटले. संस्कृतात तेलाला आणि मायेलाही 'स्नेह' हा एकच शब्द आहे. आजच्या शासकीय हिंदीत वंगणाला 'स्नेहक' म्हणतात. मराठीत वंगण, खेड्यापाड्यांत ओंगण. इकडच्या हिंदीत चाकाला तेल देण्याच्या क्रियेला औंगना. माझ्या लहानपणी आग्रा-मुंबई रस्त्यावरून देवासच्या बाजाराला येणाऱ्या गाड्यांच्या खाली बांबूचे एक नळकांडे लटकत असे. त्यात तेलात भिजविलेल्या चिंध्या असत. आस करकरू लागला की गाडीवान उतरे, कुणी काढे, चाक थोडे बाहेर ओढून आसाला ओंगण लावी आणि पुढे जाई.

हे ज्ञान प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, अंगाला तेल लावण्याचे महत्त्व सांगताना चरकाने तीन दृष्टांत दिले आहेत. तेल मुरलेला मातीचा घडा, तेलाने मळलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस जसे मजबूत व कष्ट सोसणारे होतात, तसे अभ्यंगाने शरीर होते, असा त्याचा आशय. वैद्याला शरीराची गोष्ट समजावण्यासाठी गाडीच्या आसाचा आधार घ्यावासा वाटला, याचा अर्थ आसाची गोष्ट त्या काळी घरोघरी ठाऊक होती.

परंतु वंगण आसाचे रक्षण नेमके कसे करते, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८८३ मध्ये बोशँप टॉवर हा इंग्रज अभियंता आगगाडीच्या आसांच्या घर्षणाचे प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या डोक्यावरील तेलाचे छिद्र त्याने बंद केले, तर आस फिरू लागताच तेल लाकडी बुचासकट बाहेर पडू लागले. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर अरुंद फटीत ओढून नेतो, तेथे तेलाचा दाब वाढतो आणि तो दाबच आसावरील भार तोलून धरतो, असे दिसून आले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने त्याचे गणित मांडले. नीट चाललेल्या इंजिनात लोखंड लोखंडाला टेकतच नाही. मध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा थर असतो. तेल फार पातळ असेल तर तो थर भाराखाली तुटतो. फार दाट असेल तर तेल अरुंद वाटांतून वेळेवर पोहोचत नाही, आणि ते ढवळण्यातच इंजिनाची शक्ती खर्च होते. तेलाच्या निवडीचा सारा इतिहास या दोन टोकांमधील आहे.

बी-तेलापासून अंकापर्यंत

आपला माळवा तेलबियांचा मुलूख. तीळ आणि अळशी येथे पूर्वापार पिकत आली. मग इंजिनाला यांतले तेल का चालले नाही? अळशीचे तेल हवेत सुकून त्याचा कडक पापुद्रा होतो, म्हणून ते रंगाला उत्तम आणि यंत्राला घातक. एरंडेलाचे तसे नाही. ते दाट, चिवट, धातूला धरून राहणारे. म्हणून आरंभीच्या शर्यतीच्या मोटारींत आणि विमानांत ते मानाने वापरले गेले. १८९९ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये ज्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले, त्या नावात 'कॅस्टर' म्हणजे एरंडच आहे. पण एरंडेलही उष्णतेने चिकट होते, डिंकासारखे साचते आणि खनिज तेलात नीट मिसळत नाही. शेवटी खनिज तेलाचाच जय झाला.

खनिज तेल आले आणि एक अडचण उभी राहिली. दुकानदार 'जाड' म्हणे, 'मध्यम' म्हणे; पण एकाचे जाड ते दुसऱ्याचे मध्यम असे. १९०५ मध्ये अमेरिकेत मोटार-अभियंत्यांची संस्था स्थापन झाली होती. तिच्या आद्याक्षरांवरून आपण एस.ए.ई. म्हणतो. तिने १९११ मध्ये तेलाच्या दाटपणाचे पहिले वर्गीकरण केले. शास्त्रात या दाटपणाला श्यानता म्हणतात. तेथपासून बोटांनी चोळून ठरणारी गोष्ट अंकाने ठरू लागली. आजच्या कोष्टकानुसार १०० अंश सेल्सिअसला ज्या तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक भरते ते ४० नंबरचे, ९.३ ते १२.५ भरते ते ३० नंबरचे आणि ६.९ ते ९.३ भरते ते २० नंबरचे.

थंड हवामानात तेल गोठल्यागत होते, म्हणून १९३० च्या दशकात हिवाळ्याच्या तेलांच्या अंकापुढे 'विंटर' शब्दाचा डब्ल्यू आला. १९५० च्या दशकात थंडीत पातळ व उष्णतेत पुरेसे दाट राहणारे, दुहेरी अंकांचे तेल बाजारात आले. आपण '२० डब्ल्यू ४०' वाचतो तेव्हा पहिला अंक थंडीतील वागणूक सांगतो आणि दुसरा अंक तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. डब्ल्यू म्हणजे वजन, असे सांगणारे सुशिक्षितही मला भेटले आहेत. ते चूक आहे.

दोन डबे

आता मामांची हकीकत. माझे आजोळ देवासचे. मामा आधी दुसऱ्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. नंतर पै पै साठवून, थोडे कर्ज काढून त्यांनी एक जुनी अँबॅसडर घेतली आणि ती टॅक्सी म्हणून देवास, इंदूर, धार, मांडू अशी चालवू लागले. गाडीचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, पेट्रोलवर चालणारे. मामांना आवाजावरून इंजिनाचा रोग कळे. तेल बोटांत धरून, वास घेऊन ते त्याची परीक्षा करीत. मात्र इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. ओळखीचा डबा ते रंगावरून आणि चित्रावरून ओळखीत.

१९६९ च्या पावसाळ्यानंतर एके दिवशी नेहमीचे तेल मिळाले नाही. दुकानदाराने दुसऱ्या बनावटीचे दोन डबे पुढे ठेवले. एक महाग, एक बराच स्वस्त. मी इंदूरला बी.ए.च्या वर्गात होतो आणि सुटीवर आलो होतो. मामा म्हणाले, "अरे, तू शिकलेला आहेस. वाच बघू, दोहोंत फरक काय आहे ते."

मी वाचले. दोन्ही डब्यांवर 'एस.ए.ई. ४०' असे ठळक छापले होते. त्याखाली लहान अक्षरांत एकावर 'एम.एस.' आणि दुसऱ्यावर 'एम.एल.' असे होते. मी म्हणालो, "मामा, दोन्ही चाळीसच आहेत. खालची अक्षरे कंपनीची काही खूण असेल." मामांनी स्वस्त डबा घेतला, आणि पुढेही तेच तेल घेत राहिले.

१९७० च्या मे महिन्यात एक कुटुंब महेश्वरला नेऊन आणून देण्याचे भाडे होते. परतताना गुजरीहून मानपूरचा घाट चढत असता इंजिनातून खट-खट असा आवाज येऊ लागला. मामांनी गाडी तत्काळ थांबविली. पण उशीर झाला होता. इंदूरच्या गॅरेजमध्ये इंजिनाचे तळचे तेलपात्र उघडले तेव्हा आत डांबरासारखा काळा लगदा होता. तेलपंपाच्या तोंडाची जाळी त्याने बुजली होती. तेलावाचून बेअरिंगे खरवडली गेली होती आणि क्रँकही गेला होता. इंजिन नव्याने बांधण्याइतका पैसा मामांजवळ नव्हता. कर्जाचे हप्ते बाकी होते. त्यांनी गाडी आहे त्या स्थितीत विकली आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर बसले.

त्या उन्हाळ्यात मी धारला आलो तेव्हा त्या लगद्याची एक बाटली घेऊन गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एका नळीत साधे तेल, दुसरीत मोटारीचे चांगल्या प्रतीचे तेल घातले. चिमणीची काजळी दोहोंत सारखी टाकून ढवळली आणि नळ्या खिडकीत उभ्या करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहिले तर साध्या तेलातली काजळी तळाशी बसू लागली होती. दुसरे तेल मात्र वरपासून खालपर्यंत सारखे काळे होते. गुरुजी म्हणाले, "ह्या दुसऱ्यात मळ पकडून तरंगत ठेवणारी द्रव्ये आहेत. तेल बदलले की मळ तेलाबरोबर बाहेर जातो. तुझ्या मामांच्या तेलात ती नव्हती." मग त्यांनी मला त्या अक्षरांचा अर्थ सांगितला. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेने, म्हणजे ए.पी.आय.ने, १९५२ मध्ये पेट्रोल इंजिनांच्या तेलांचे कामाच्या कठोरपणानुसार तीन वर्ग केले होते. एम.एल. म्हणजे हलक्या कामाचे, एम.एम. म्हणजे मध्यम, आणि एम.एस. म्हणजे कठोर कामाचे. दिवसभर थांबत-चालत, भर उन्हात, पूर्ण भार घेऊन घाट चढणाऱ्या टॅक्सीला एम.एल. तेल देणे म्हणजे पहिलवानाला आजाऱ्याची पेज देणे होते.

गुरुजी शेवटी एवढेच म्हणाले, "अंक दाटपणा सांगतो, अक्षर पात्रता सांगते. तू निम्मेच वाचलेस."

मंडळी, मी नंतर पुष्कळ वाचले. पण ते वाक्य विसरलो नाही. कळत नाही तेथे 'कळत नाही' म्हणण्याऐवजी मी 'कंपनीची खूण असेल' असे म्हणालो होतो. शिकलेल्या माणसाच्या शब्दावर एका न शिकलेल्या, पण माझ्याहून किती तरी अधिक जाणत्या माणसाने विश्वास ठेवला होता. मी मामांपाशी हे कबूल केले तेव्हा ते म्हणाले, "तू वाचलेस ते खोटे नव्हते रे. चाळीसच होते ते." मला त्यांनी कधी बोल लावला नाही, आणि त्यामुळेच ते अधिक लागत राहिले.

अक्षरे बदलतात

योगायोग असा की ज्या वर्षी मामांची गाडी बंद पडली त्याच सुमारास एम.एल., एम.एस. ही अक्षरेही निवृत्त झाली. पेट्रोल इंजिनांसाठी 'एस' आणि डिझेलसाठी 'सी' या अक्षरांनी सुरू होणारी नवी मालिका आली. एस.ए.पासून निघालेली ही मालिका मधली काही अक्षरे वगळीत २०१० मध्ये एस.एन., २०२० मध्ये एस.पी. आणि २०२५ मध्ये एस.क्यू.पर्यंत आली. डिझेलच्या बाजूने २००२ मध्ये सी.आय.-४ आणि २०१६ मध्ये सी.के.-४ हे वर्ग आले. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितके तेल नव्या कसोट्यांना उतरलेले, असा सर्वसाधारण नियम.

आपल्या देशातही या काळात पुष्कळ उलथापालथ झाली. बर्मा-शेल, एस्सो, कॅलटेक्स यांच्या पाट्या १९७० च्या दशकात उतरल्या. इंडियन ऑइलचे 'सर्वो' १९७२ मध्ये आले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. आपल्या धार जिल्ह्यातले पिथमपूर याच दशकात मोटारींचे गाव झाले. बजाज टेम्पो, जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने ट्रक बांधणारी आयशर, कायनेटिक होंडा अशी नावे तेथील फाटकांवर लागली. १९९० च्या दशकाच्या आरंभी वंगणाचा व्यापार खुला झाला आणि दुकानांच्या फळ्या रंगीबेरंगी डब्यांनी भरून गेल्या. पिथमपुरास आज 'नॅट्रॅक्स' हे वाहन-चाचणी केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान चाचणीमार्गाचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. ज्या जिल्ह्यात सात टनांचा लोहस्तंभ तीन तुकडे होऊन लाट मशिदीपाशी पडून आहे, त्याच जिल्ह्यात आता लोखंडाची झीज दशांश अपूर्णांकांत मोजली जाते.

इतके झाले तरी आपल्याकडील एक समजूत हलली नाही. 'माळव्याचे ऊन कडक, म्हणून तेल जाड घालावे.' अँबॅसडर आणि फियाटच्या काळी या समजुतीत तथ्य होते. त्या इंजिनांच्या भागांमधील फटी मोठ्या, तेलाची गुणवत्ता बेताची. तेव्हा चाळिसाचा दाट थर उपकारक ठरे. नव्या इंजिनांच्या फटी व तेलवाटा अरुंद आहेत, आणि त्यांतील काही यंत्रणा तेलाच्या दाबावरच हालतात. शिवाय इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर २० अंश असोत वा ४२, नेहमीच्या चालीत तापलेल्या इंजिनातले तेल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपासच राहते. आणि उलट बाजूने पाहा : देवासच्या मे महिन्यातल्या दुपारी, ४० अंशांच्या हवेत उभ्या असलेल्या गाडीतले पातळातले पातळ '० डब्ल्यू २०' तेलसुद्धा चालू इंजिनातल्या स्वतःच्या दाटपणाच्या सुमारे पाचपट दाट असते. झीज बरीचशी होते ती इंजिन सुरू करण्याच्या क्षणी, तेल वरपर्यंत पोहोचण्याआधी. म्हणून निर्माता जेव्हा '० डब्ल्यू २०' सांगतो, तेव्हा ते केवळ बर्फाच्या मुलखासाठी आहे असे समजून '२० डब्ल्यू ५०' ओतणे म्हणजे १९६९ चे उत्तर आजच्या प्रश्नाला देणे होय.

एका गाडीचे पथ्य ते दुसरीचे कुपथ्य कसे ठरते, याचे आणखी एक उदाहरण देतो. जुन्या इंजिनांतील टॅपेटची झीज रोखण्यासाठी तेलात जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्य घालतात. परंतु एप्रिल १९९५ पासून आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला, आणि फॉस्फरस त्या कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून नव्या पातळ तेलांत फॉस्फरसवर मर्यादा आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक देशभर लागू झाले, आणि नव्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी आली. तेल थोडेथोडे जळतच असते. त्याची राख या गाळणीत साचते आणि काजळीप्रमाणे ती जाळून टाकता येत नाही. म्हणून अशा मोटारीला कमी राखेचेच तेल लागते. युरोपीय ए.सी.ई.ए. पद्धतीत त्यासाठी 'सी' वर्ग आहे. हा 'सी' ए.पी.आय.च्या डिझेलच्या 'सी'हून वेगळा आहे. एकच अक्षर, दोन कोश, दोन अर्थ! जुन्या ट्रकचे उत्तम तेल नव्या डिझेल मोटारीत घातले, तर इंजिन काही दिवस गोड चालेल. गाळणी मात्र हळूहळू गुदमरेल.

निवडीची रीत

तेव्हा आज तेल घ्यायला जाणाऱ्याने काय करावे? मी अभियंता नाही. पण इतक्या वर्षांच्या चौकशीतून हाती आलेली रीत सांगतो.

पहिली गोष्ट, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी. बहुतेक घरांत ती मोटारीच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत न उघडता पडलेली असते. तीत दाटपणाचा अंक आणि गुणवत्तेचे अक्षर अशी दोन्ही दिलेली असतात. डब्यावर दोन्ही जुळली पाहिजेत. अंक जुळला आणि अक्षर जुळले नाही, तर तो माझ्या मामांचा डबा समजावा.

दुसरी गोष्ट, रंगावरून निवाडा करू नये. तेल काळे झाले म्हणजे निरुपयोगी झाले असे नाही. गुरुजींच्या नळीतले चांगले तेलच काळे राहिले होते. तेल किलोमीटर आणि महिने पाहून बदलावे, यांपैकी जे आधी भरेल ते. धुळीत, भार ओढीत किंवा फार थोड्या अंतराच्या फेऱ्या करीत चालणाऱ्या गाडीचे तेल पुस्तिकेत कठोर वापरासाठी दिलेल्या मुदतीत बदलावे. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकने पाहावी. कमी पडेल तर त्याच वर्गाचे तेल घालावे, आणि वरच्या खुणेपलीकडे भरू नये.

तिसरी गोष्ट, एकाचे अंक दुसऱ्याला लावू नयेत. देवासला १९६० च्या दशकापासून गजरा गिअर्सचा कारखाना आहे, म्हणून हे उदाहरण येथल्या लोकांना पटकन कळेल. गिअरच्या तेलाचा अंक ९० असतो, म्हणून ते ४० नंबरच्या इंजिन-तेलाच्या दुप्पट दाट असते असे नाही. दोन्ही जवळपास सारखीच दाट असतात. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. तसेच बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. तिला मोटारीचे घर्षण घटविणारे तेल दिले तर क्लच घसरतो. तिच्या डब्यावर 'जासो एम.ए.' ही जपानी खूण पाहावी.

चौथी गोष्ट, अजून जतन केलेल्या अँबॅसडरचा किंवा फियाटचा मान वेगळा. तिला चांगल्या प्रतीचे '२० डब्ल्यू ४०' किंवा '२० डब्ल्यू ५०' हेच योग्य. नवे आणि महाग म्हणून पातळ तेल घालून तिच्यावर उपकार होत नाहीत. तसेच डबा खात्रीच्या ठिकाणाहून, सीलबंद घ्यावा आणि रिकामा झाल्यावर भोसकून टाकावा, म्हणजे त्यात पुन्हा भलतेच काही भरले जाणार नाही.

शेवटची गोष्ट जुन्या तेलाची. मामा गाडीतून काढलेले काळे तेल फेकून देत नसत. बाजाराला येणारे गाडीवान आपली नळकांडी घेऊन येत आणि ते ओंगण म्हणून भरून नेत. मोटारीने टाकलेल्या तेलावर बैलगाडी चाले, आणि त्यात कुणाला काही खटकत नसे. आज ते तसे देता येणार नाही. त्यात धातूंचे कण व विषारी द्रव्ये असतात, आणि कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. ते नाल्यात वा शेताच्या बांधावर ओतू नये. अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी घेणाऱ्यांकडेच द्यावे. क्षिप्रेच्या काठी राहणाऱ्यांना हे अधिक सांगण्याची गरज नसावी.

समारोप

मंडळी, या शाळेत आम्हांला वाचायला शिकविले. वाचणे म्हणजे अक्षरांचा उच्चार करणे असे मी वीस वर्षांचा होईपर्यंत समजत होतो. संदर्भावाचून शब्दाला अर्थ नाही, हे पुढे मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. पण त्याचा पहिला पाठ मला एका तेलाच्या डब्याने दिला. मामांपाशी जे ज्ञान होते ते खोटे नव्हते. ते त्यांच्या पहिल्या मोटारीच्या काळाचे होते, आणि काळ डब्यावर लहान अक्षरांत बदलत होता. ती अक्षरे त्यांना वाचून दाखविण्याचे काम माझ्यासारख्याचे होते.

आपल्यांतील अनेक जण आज इंदूर, पुणे, मुंबई येथे किंवा परदेशी स्थायिक झाले आहेत. घरी औषधाच्या बाटलीवरचे, बँकेच्या कागदावरचे, तेलाच्या डब्यावरचे काही वाचून दाखवावे म्हणून घरातील वडीलधारे आपणांकडे पाहतात. ते आपल्या शब्दावर विसंबतात. अशा वेळी खालची बारीक ओळही वाचावी. आणि ती कळली नाही तर तसे सांगून, कुणाला तरी विचारून यावे, ही माझी विनंती आहे. गुरुजींना त्यांच्या नावाने दिलेल्या व्याख्यानात एवढे सांगितलेले पुरले असते, असे मला वाटते.

मामा पुढे बरीच वर्षे गाडी चालवीत होते. नव्या गाडीचे तेल घ्यायचे झाले की मी देवासला असेन तर ते मलाच बरोबर नेत आणि डबा माझ्या हाती देत. मी तो वरपासून खालपर्यंत, सारा, मोठ्याने वाचून दाखवीत असे.